हॉलमार्कमधला हॉल

गुरुवार, संध्याकाळ

हॉलमार्क या शब्दाचा अर्थ आज आईच्या पैंजणाचं एक घुंगरू देऊन कळला. दुकानात नात म्हणाली, "आजोबा, लंडनला सोनारांच्या हॉलमध्ये चांदी तपासून छाप मारायचे. म्हणून हॉलमार्क!"

"आमचा हॉल म्हंजे हुपरीच्या घराचा सोपा की! आबा पैंजण फरशीवर टाकायचे, मी आवाजावरनं चांदीचा कस सांगायचो. ह्यो कान हाय तवर छाप कशाला?"

"मग पणजीचं घुंगरू तपासू?"

"तपास की!"

ते पैंजण माझ्या वडिलांनी, आबांनीच घडवलेले. आई सोप्यातून चालली की तो आवाज... अजून कानात आहे. शुद्ध चांदी कशी वाजते, ते त्यानंच मला शिकवलं. तसा आवाज पुढं एकाही पैंजणाला कसा आला नाही?

घुंगरू वितळवलं. निम्मं तांबं निघालं.