गरुड-चार दिसेनासं झालं

२७ मे १९९९, गुरुवार
कारगिलला आज आपली दोन विमानं पडली. आई बातम्या बघता बघता म्हणाली, हेच हवंय का तुला? मी म्हटलं, हो. देशाला आता पायलट लागणार आणि मी रिकामाच आहे. बी.एस्सी.ची परीक्षा संपली. हवाई दलाचा इंटरव्ह्यू पास झालोय. आमच्या एनसीसीच्या एअर विंगमधून पास झालेला मी एकटाच. आता फक्त मेडिकल राहिलं, तेही जुलैत, दिल्लीला. मेडिकल म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी. उंची आहे, छाती आहे, दात सगळे आहेत.
आजपासून रोज पहाटे पाचला उठणे. रोज ही डायरी लिहिणे. मेडिकलच्या आधी गरुड-चार उडवणे.

२८ मे
उठायला साडेआठ झाले. लाइट गेल्याने पंखा बंद होता, झोप लागली नव्हती.

३० मे, रविवार
गरुड-चारचा आराखडा पूर्ण. बाल्साच्या लाकडाचं ग्लायडर, इंजिन नाही, पंख सहा फूट. पतंगासारखं दोऱ्याने ओढत वर न्यायचं, दोरा सुटला की ते आपलं आपण तरंगतं.
आधीच्या तीन गरुडांबद्दल लोक काहीबाही बोलतात म्हणून इथे खरं काय ते लिहून ठेवतो. एक नंबर आंब्यात गेलं, कारण आंबा मैदानाच्या फार जवळ लावलाय. दोन नंबर माझा मित्र हार्दिक याच्या डोक्यात बसलं, कारण हार्दिक जिथे उभं राहायचं तिथे उभा नव्हता. तीन नंबर विजेच्या तारेत अडकलं. ती तार आदल्या दिवशी तिथे नव्हती, याबद्दल माझी खात्री आहे.

२ जून
शलाका पंखांच्या पट्ट्या कापते. सोसायटीत समोरच्याच रांगेत राहते. लहानपणापासून माझ्या हाताखाली तयार झाली म्हणून हात बरा आहे. पट्ट्या, चिकटवणं, पंखांवर टिश्यू पेपर ताणून बसवणं, तोल साधणं एवढंच ती करते. बाकी सगळं मी.
रंगावरून वाद झाला. युद्धाचे दिवस, म्हणून मी आकाशी रंग सुचवला. ती म्हणाली, आकाशात आकाशी विमान दिसणार कोणाला? मी म्हटलं, शत्रूला दिसणार नाही. ती म्हणाली, आणि तुला? मग सरळ भगव्या रंगाचा डबा उघडून बसली. शेपटीलाही तोच भडक रंग. मुलींना भडक आवडतं. मी मोठ्या मनाने सोडून दिलं.

५ जून, शनिवार
आजोबांच्या चष्म्याची काडी तुटली म्हणून त्यांना घेऊन मांडवीला चष्म्याच्या दुकानात गेलो. आजोबा (सुभानराव. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अडतीस वर्षं फिटर. त्यांचे वडील बडोदे सरकारच्या फौजेत होते) दुकानदाराला म्हणाले, हा आमचा पृथ्वीराज, एअर फोर्समध्ये पायलट आहे. मी म्हटलं, होणार आहे. आजोबा म्हणाले, एकच झालं.
काडी बसेपर्यंत सहज भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचला. वरची तीन अक्षरं स्वच्छ. खालच्या ओळींची छपाई अतिशय फिकी. दुकानदाराला तसं सांगितलं. तो म्हणे, आजवर कोणाची फरियाद नाही आली, भाई. बडोद्याचे लोक सोशीक, दुसरं काय.

६ जून
आज हार्दिकला घेऊन परत मांडवीच्या त्या दुकानात गेलो. त्याने तक्ता वाचला, मी लिहून घेतला. रात्रीपर्यंत तोंडपाठ. शेवटची ओळ उलटीसुद्धा येते. याला म्हणतात पूर्वतयारी. हार्दिक विचारत होता, अल्या, पण पाठ करायची शी जरूर, काय गरज? त्याला लष्करी शिस्त काय कळणार. गाजर सुरू केलं आहे, रोज दोन.

८ जून
मँचेस्टरला पाकिस्तानला हरवलं. मी टीव्हीसमोर जमिनीवर बसून मॅच बघतो, म्हणजे एकाग्रता राहते. बाबा नंदेसरीच्या कंपनीतून दमून आले आणि म्हणाले, टीव्हीच्या आत जाऊन बसतोस का? आई माझ्याकडे बघत राहिली.

१२ जून, शनिवार
चाचणी. गरुड-चार चाळीस सेकंद उडालं आणि मऊ मातीत उतरलं! फिरकीवर मांज्याऐवजी नायलॉनचा दोरा, हार्दिक धावायला, सूत्रं माझ्याकडे.
शलाका पूर्ण वेळ कानाशी बोलत होती, आता पाण्याच्या टाकीच्या वर आलं, आता डावीकडे वळतंय, आता तुझ्या डोक्यावर. हिला कॉमेंटरीची फार हौस. पण सवय झाली आहे, चालू दे.
आणखी एक वाद. शेपटी रबर बँडने दाबून धरलेली असते आणि त्या रबरात उदबत्तीचा तुकडा खोचायचा, ही शलाकाची पद्धत. उदबत्ती जळत रबरापाशी आली की रबर तुटतं, शेपटी वर उचलली जाते आणि विमान डुलत डुलत सरळ खाली येतं. तसं नाही केलं तर उन्हाळ्याच्या गरम हवेत सापडून वर वर जात हरवतं, असं तिचं म्हणणं. मला हा प्रकार भित्रेपणाचा वाटतो. उतरायची सोय करूनच निघायचं? तिकडे डोंगरावर आपली मुलं काय उदबत्ती लावून चढतायत? ती म्हणाली, त्यांना परत यायचंच असतं, पृथ्वी.

१९ जून
उद्या मोठा दिवस. जवानांसाठी सोसायटीने कपडे आणि ब्लँकेट गोळा करायचं ठरवलंय, त्या कार्यक्रमात सकाळी दहाला गरुड-चारचं उड्डाण. फळ्यावर लिहिलंय, ‘भावी फायटर पायलट पृथ्वीराज यांचे प्रात्यक्षिक’. अक्षर आजोबांचं. पावसाचा अजून पत्ता नाही. पाचला उठणार.

२० जून, रविवार. दुपारी ३
आठला उठलो. बाकी सगळं ऐतिहासिक झालं.
गोत्रीच्या मोकळ्या शेतात सगळी सोसायटी. आजोबा पहिल्या रांगेत, फेटा बांधून. शलाकाने उदबत्ती लावली. ती वळल्यावर मी फुंकून विझवली. एवढ्या लोकांपुढे दोन मिनिटांत खाली उतरणारं विमान दाखवायचं होय?
हार्दिक धावला. दोरा सुटला. लोक ओरडले. गरुड-चार वर गेलं. मग आणखी वर गेलं. टाळ्या थांबेनात.
शलाका आज कॉमेंटरी करेना. उदबत्तीचा धूर दिसत नाही म्हणून ती पांढरीफटक झाली होती, हे नंतर कळलं. हार्दिक नाचत होता, जो ने, पेली घारनी बाजूमां! म्हणजे त्या घारीच्या शेजारी. आजोबांनी खुर्चीवरून विचारलं, कुठे आहे रे? मी हात वर करून दाखवलं, ते काय, तिथे!
कोणीतरी लहान पोर म्हणालं, पण दादा, विमान तर मागे आहे.
ऊन डोळ्यांवर होतं.
अकरा मिनिटं दिसत होतं म्हणतात. मग गेलं. सापडलं नाही. अकरा मिनिटं! उड्डाण शंभर टक्के यशस्वी.

२१ जून
लुनावरून सेवासी गावापर्यंत शोधलं. शलाका मागे बसली होती. एका शेतात मी भगवं काहीतरी बघून धावलो. बाईचं लुगडं वाळत होतं. बाईने शिव्या दिल्या.
परत येताना शलाका म्हणाली, सूर्य काल तुझ्या पाठीमागे होता. मग म्हणाली, तुला दिसत नाही, पृथ्वी. दोन वर्षं मला माहीत आहे. जायच्या आधी डॉक्टरला दाखवून घे, मी येते बरोबर. मी लुना थांबवली आणि म्हटलं, तुला माझा हेवा वाटतो. आणखीही बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही.
ती गोत्रीपर्यंत चालत गेली. मी तिच्या मागून हळूहळू लुना चालवत होतो. तिने वळून बघितलं की नाही, ते कळलं नाही.

४ जुलै, रविवार
टायगर हिल घेतली. सोसायटीत पेढे. आजोबांनी माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक आणली आहे आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव आणि खाली एअर फोर्स असं लिहिलंय. मी म्हटलं, दोन दिवसांच्या मेडिकलला ट्रंक कशाला? ते म्हणाले, तिथूनच ठेवून घेतलं तर? युद्ध चालू आहे, घाई असेल.
शलाका बोलत नाही. तिला दिल्लीहून पत्र टाकीन. मोठ्या मनाने.
उद्याची गाडी. तक्ता दहा वेळा म्हटला, एकही चूक नाही.

८ जुलै, दिल्ली
छाती, कान, गुडघे, सगळं पास. मग डोळे.
खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकला. डॉक्टर म्हणाले, पढ़ो. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत धडाधड म्हटलं, कुठेही न अडखळता. खणखणीत आवाजात. डॉक्टरांनी मला मध्ये थांबवलं नाही, पूर्ण म्हणू दिलं. मग उठून जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, बेटा, इथे अक्षरं नाहीत. आकडे आहेत.
मागे रांगेत सात मुलं होती. एकही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

११ जुलै
बडोदा. ट्रंक स्टेशनवरून रिक्षात घालून आणली. आई जेवायला वाढत राहिली, मी खात राहिलो. बाबा म्हणाले, कंपनीत लॅबमध्ये जागा आहे, बोलून बघू, घाई नाही.
आजोबांना सगळं खरं सांगितलं नाही. डोळ्यांच्या तपासणीत नाही झालं, एवढंच म्हटलं.

१३ जुलै
आजोबा दुधाच्या बूथवर सगळ्यांना सांगत होते. मी मागे उभा होतो, त्यांना माहीत नव्हतं. म्हणत होते, दिल्लीचं यंत्र जुनं झालंय, चुकीचं दाखवतं. उजेड बरोबर नव्हता. पोरगं दोन रात्री प्रवास करून गेलेलं, डोळे थकणारच. परत बोलावतील, युद्ध आहे, पायलट कमी आहेत. आमच्या पृथ्वीची नजर म्हणजे घारीची.
एकेक वाक्य माझ्याच धाटणीचं होतं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस सकाळी सात वाजता दुधाची पिशवी हातात धरून माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि त्यांना ते खोटं वाटतच नव्हतं.
घरी येताना मी पिशवी घेतली आणि म्हटलं, आजोबा, मला दिसत नाही. ते म्हणाले, काय दिसत नाही? मी म्हटलं, लांबचं काहीच नाही. तुमचा चेहरा दिसतो, तो जवळ आहात म्हणून. विमान मला कधीच दिसलं नव्हतं.
ते फाटकापाशी थांबले. म्हणाले, मग इतकी वर्षं वर बघून काय बघायचास रे? घरात आल्यावर त्यांनी फेट्याचं कापड घडी करून कपाटात ठेवलं आणि दार लावून घेतलं.

१७ जुलै, शनिवार
शलाकाकडे गेलो, माफी मागितली. मोठ्या मनाने वगैरे काही नाही, नुसती मागितली. उदबत्ती मी विझवली हेही सांगितलं. तिला माहीत होतं. म्हणाली, वाऱ्याने विझली असेल असं मी सगळ्यांना सांगितलंय. मग माझ्याबरोबर मांडवीला आली. नंबर बराच निघाला. चष्मा पुढच्या शनिवारी मिळेल.
वाटेत तिला म्हटलं, गरुड-चार कसं दिसत होतं ते सांग. तिने सगळं सांगितलं. घार गोल फिरते तसं फिरत होतं. कागदातून ऊन आरपार येत होतं आणि आतल्या पट्ट्या मोजता येत होत्या. शेवटी भगवा ठिपका, मग तोही नाही. मी नेहमीप्रमाणे म्हणणार होतो की हो, मलाही तसंच दिसलं. म्हटलं नाही.

२४ जुलै, शनिवार. संध्याकाळी ६
चष्मा लावून गच्चीवर गेलो. लिंबाला पानं सुटी सुटी आहेत. समोरच्या गच्चीवर शलाका दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती, ती हसली हे इथून दिसलं.
विमानतळाकडून आवाज आला. हवाई दलाचं मालवाहू विमान. खाली आजोबा अंगणात होते. अकरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. ओरडून विचारलं, कुठलं रे? आवाजावरून मी लगेच सांगू शकलो असतो, आजवर तसंच सांगत आलो. मी म्हटलं, थांबा, बघतोय.
दोन पंखे फिरत होते. पोटाखाली चाकं आत जात होती. पंखावर आकडे होते. किती सुंदर असतं ते, आणि मी वीस वर्षांचा होईपर्यंत ते नुसतं ऐकलं होतं. आता कधीच त्यात बसणार नाही. रडू आलं. चष्मा लावून रडता येत नाही, काचा भिजतात. काढला, शर्टाला पुसला, परत लावला.
तोवर विमान गेलं होतं.