मधल्या खोलीचा रंग

मु. वरचीवाडी, ता. पोलादपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. तेजश्रीस, उभयतांचे अनेक आशीर्वाद.

फोन तुझी सासू माझ्या हाती लागू देत नाही, आणि माझी सगळी नोकरी पोस्टात गेली, तेव्हा पत्रच बरं. बातमी अशी की मधली खोली रंगवली. लग्न झाल्यावर तू आणि विनीतने रंगाच्या कार्डावर खूण केली होती ना, तोच धुरकट जांभळा. विनीत गेला आणि कार्ड कपाटातच राहिलं. चार वर्षांनी सासूने ते काढून सहदेव रंगाऱ्याला दिलं.

सहदेवला रंग पटेना. एवढा मवाळ रंग दिला तर लोक मलाच नावं ठेवतील, गडद करतो, म्हणाला. सासूने परसातलं वांग्याचं फूल त्याच्या हातावर ठेवलं आणि अस्सा नाय झाला तर चहा मिळायचा नाय, असं बजावलं. दुसरा हात वाळल्यावर मात्र तोच खोलीतून हलेना. पडदे तू महाडहून आण, माझ्या निवडीवर घरात कुणाचा भरवसा नाही. शिमग्याआधी ये.

तुझी वाट पाहणारे,
मामंजी


महाड
८ फेब्रुवारी

ती. मामंजी व सासूबाई यांसी, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. मी नोकरी सोडून कायमची तिकडे यावं म्हणून तुम्ही खोली सजवताय, आणि मी तुमच्यापासून लपवतेय. औद्योगिक वसाहतीत माझ्याच कंपनीत अश्विन आहे. त्याने लग्नाचं विचारलंय. मला हो म्हणायचंय.

आईवडील माझ्या लहानपणीच गेले. काकांनी लग्न लावून दिलं नि हात झटकले. घर म्हणून मला तुमचंच ठाऊक. दुसरं लग्न केल्यावर त्या दारात कोणत्या तोंडाने येऊ? तुम्ही नको म्हणालात तर मी त्याला नाही सांगेन. पडदे घेतलेले नाहीत. रागावलात तरी दोन ओळी लिहा.

तुमचीच,
तेजश्री


वरचीवाडी
१२ फेब्रुवारी

चि. सौ. कां. तेजश्रीस, आशीर्वाद.

वेडी कुठली! दिवाळीनंतर डोळे तपासायला आलो, तेव्हा एसटी डेपोत आमची पिशवी उचलायला धावला तो कोण, हे तुझ्या सासूला मोतीबिंदू असूनही दिसलं. पोलादपूरला एसटी थांबली. उतरताना म्हणाली, घराला रंग द्यायला हवा. लग्नघर रंगवल्याशिवाय आपल्याकडे हळद लावत नाहीत, हे कशी विसरलीस? त्या खोलीत तुला हळद लागायची आहे. तू आपल्या तोंडाने सांगशील म्हणून थांबलो होतो, एवढंच.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. विनीतच्या फोटोसमोर बसून थोडा रडलो. पण तुला अडवून तो थोडाच परत येणार आहे?

काल भावकीत सांगितलं. एक-दोघे कुरकुरले, की विधवेचा पाट लावायचा तर पूर्वीसारखा अंधारात गुपचूप उरका. तुझी सासू त्यांच्या दारात जाऊन सांगून आली, की माझ्या पोरीचं लगीन दिवसाउजेडी, वाजतगाजत, अंगणात होनार हाय, यायचं त्यांनी या.

अश्विनला सांग, मुलगी मागायला वरचीवाडीला यावं लागेल. कन्यादान मी करणार आहे.

लोभ आहेच, तो वाढवत राहा.
तुझा बाप