नदी पाहून घेतलेली ऍडमिशन

बाबा, मला गणितात चांगले मार्क पडायचे, हीच तुमची खरी अडचण होती. ते कमी असते तर मी कुठेही गेले असते तरी स्टील प्लान्टच्या आपल्या सेक्टरमधल्या कोणी विचारलं नसतं. आपल्या भिलाईत बारावीच्या पोराला ‘काय करणार’ असं विचारत नाहीत, ‘कोणती ब्रांच’ असं विचारतात. आणि मी तर शाळेच्या गंगरेल धरणावरच्या शिबिरातून भलतंच खूळ डोक्यात घेऊन आले होते. धरणाच्या शांत पाण्यात आम्हाला कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद नाव, चालवायला शिकवली. शिकवणाऱ्या सरांनी मोबाईलवर डोंगरातल्या नदीचा व्हिडिओ दाखवला, खडकांवरून उसळणारं पांढरं पाणी आणि त्यात एकटी मुलगी. तेव्हापासून मैत्रिणी कॉलेजची प्लेसमेंट शोधत होत्या आणि मी नकाशात नदी शोधून तिच्या काठाला एखादं विद्यापीठ आहे का, ते बघत होते.

शेवटी उत्तराखंडातलं एक सापडलं. तुम्हाला सांगितलं की तिथलं होस्टेल चांगलं आहे, हवा चांगली आहे, भूगर्भशास्त्राचा विभाग तर फारच चांगला आहे. तुम्ही मान डोलावलीत. मग एकदा ड्यूटीवरून आलात, माझ्या मागे उभे राहिलात आणि मोबाईलमध्ये डोकावलात. पडद्यावर एक नाव फेसात नाकावर उभी होती. तुम्ही गंभीरपणे विचारलंत, “हे कोनती ब्रांच हाये?”

आई पोळ्या लाटत होती. सगळं कळल्यावर तिने लाटणं खाली ठेवलं नाही, माझ्याकडे रोखलं. “नदी पायजे त शिवनाथ काय मेली? पद्मनाभपूरले मामाकडं राह्य, रोज जाऊन पाह्यत बस.”

“आई, शिवनाथ संथ आहे गं.”

“मंग तू बी संथ हो.”

तुम्ही जेवत होतात. ताट पुसून खाल्लंत, हात धुतलेत आणि म्हणालात, “मी आधी पाह्यून येतो. पसंत पडली त मंग बोलू.” स्थळ पाहायला निघावं तसे तुम्ही मला घेऊन नदी पाहायला निघालात. इस्त्रीचा शर्ट, सेफ्टी शूज, आणि पिशवीत प्लान्टमधलं पिवळं हेल्मेट. रोलिंग मिलमध्ये लालभडक लोखंडाजवळ आयुष्य काढलेला माणूस, पण पोहता तुम्हाला येत नव्हतं. गाडीत मी विचारलं, हेल्मेट कशाला? “अनोळखी जागा हाये,” तुम्ही म्हणालात.

विभागातल्या प्राध्यापकांनी मला विचारलं, यही युनिव्हर्सिटी क्यों? मी पाठ केलेलं उत्तर सुरू करणार, तेवढ्यात तुम्हीच बोललात, “सर, यहाँ का नदी अच्छा है.” सरांनी डोळे मिटून हात जोडले, “गंगा मैया की कृपा है.” तुम्ही खुर्चीत चुळबुळ केलीत. घरात बुद्धवंदना म्हणणारे तुम्ही, गैरसमज तसाच ठेवणं तुम्हाला जमेना. “नहीं सर, वो वाला नहीं. इसको उसमें नाव चलाना है.” सर माझ्याकडे बघत राहिले. मी टेबलावरचे दगड बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः माझ्याबरोबर रबरी राफ्टमध्ये बसायचा हट्ट धरलात. गाईडने पिवळं हेल्मेट काढायला लावून त्याचं घातलं, ते तुम्हाला कमकुवत वाटलं. पाणी उसळायला लागलं तसे तुम्ही शिफ्टवर ओरडावं तसे वल्ही मारणाऱ्या सगळ्यांवर ओरडू लागलात, “एक साथ मारो! अरे, एक साथ!” मग एक लाट आडवी आली आणि तुमची जागा रिकामी झाली. त्या गोंगाटात मला तुमची एक हाक ऐकू आली, मग नुसतं पाणी. दोघांनी तुमच्या जॅकेटचे पट्टे धरून तुम्हाला आत ओढलं. तुम्ही पाणी थुंकलंत, चष्मा चाचपलात. तो गेला होता.

“तुले हे आवडते?” तुम्ही विचारलंत. मी रडत होते, तरी हो म्हणाले. चष्म्याशिवाय तुम्हाला काय दिसत होतं कोण जाणे, पण तुम्ही बराच वेळ नदीकडे पाहिलंत. “मानूस पडला त काढाले मानसं हायेत इथं. ठीक हाये. घे ऍडमिशन. तुह्या मायले काई सांगू नको.”

घरी तुम्ही सांगितलंत, चष्मा माकडाने नेला. आईने ते माकड सगळ्या सेक्टरला रंगवून सांगितलं. तुम्ही गेल्यावरही सांगायची.

मागच्या महिन्यात हुडको कॉलनीतल्या आपल्या घरी जेवताना ती परत माकडावर आली, आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “पान्यात पडले तवा हाक कोनाले मारली वं त्यायनं?”

“तुला,” मी म्हणाले.

“मले वाटलंच,” म्हणाली आणि उठून चहा ठेवायला गेली.

आई माझे सगळे कागद वाचते, म्हणून हे लिहून झालं की फाडणार आहे. हाक माझ्या नावाची होती, बाबा. ती मी आईला देऊन टाकली.