काचेच्या माणसाचा चोकअप

ती. नीलाताई,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि डोंबिवलीतले तुमचे जिने यांचं आता तरी पटतंय का? इकडे बाळकुमला मी ठणठणीत आहे, आणि ह्यांच्या मते हेही.

डॉक्टरांनी ह्यांना बायपास सांगितलीय ते तुला ठाऊक आहेच. ह्यांचं उत्तर एकच, मला काय झालंय? जन्मभर पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस (अर्धं ठाणं आपल्या मुठीत होतं असं अजून सांगतात), तो डॉक्टरचं कशाला ऐकतोय. शेवटी आमच्या शाळेची प्रयोगशाळा आवरताना निघालेला काचेचा माणूस मी घरी आणला. साहेबाच्या काळातला. लाकडी फळीवर माणसाचं चित्र, त्यावर काचेच्या नळ्या आणि हृदयाच्या जागी रबरी फुगा. फुगा दाबला की लाल पाणी अंगभर फिरून परत येतं. निवृत्त होईपर्यंत मी रक्ताभिसरण ह्याच्यावरच शिकवलं.

लाल पाणी म्हणून तू पाठवलेलं कोकमाचं आगळ भरलं. गाळायचं राहिलं (तूही गाळून पाठवत नाहीस, ते असो). ह्यांना समोर बसवून फुगा दाबला, तर छातीपाशीच बी अडकली. मला वर्गातली सवय, मी आणखी जोरात दाबला. सांधा निखळला आणि सगळं आगळ ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. तेवढ्यात शेजारच्या मंदाकिनीबाई विरजण मागायला आल्या, त्यांनी सदरा पाहिला आणि दारातच बसकण मारली. मी त्यांच्या तोंडावर पाणी मारतेय, आणि हे फळीसमोर मांडी ठोकून. "अख्ख्या कॉलनीला एकच पंप? स्टँडबाय नाही? कोणी पास केलं हे?" मग बी काढायला गेले, निघेना. तेव्हा फिशटँकची नळी कापून अडलेल्या जागेच्या बाजूने दुसरी लाइन टाकली. उरलेलं आगळ पार पायापर्यंत पोचलं.

"अगं, चोकअप निघत नसेल तर बाजूने लाइन टाकायची, साधी गोष्ट आहे," म्हणाले आणि नव्या नळीवरून बोट फिरवत छातीपर्यंत आले. मग विचारलं, डॉक्टरला हेच करायचंय का? मी हो म्हटलं. ऑपरेशन गुरुवारी आहे.

तुझी,
योगिनी

ता. क. सांधे कोण जोडणार आणि त्याने आधी कुठे कुठे जोडलेत, याची ह्यांनी डॉक्टरांकडे कसून चौकशी केली. मंदाकिनीबाईंना आता असं सांगतात की जणू बायपासचा शोध ह्यांनीच लावला.

ता. ता. क. काम चालू असताना हृदय काही वेळ बंद ठेवतात असं डॉक्टर म्हणाले. हे म्हणाले, शटडाऊन घ्यावाच लागतो. ह्यांची भीती गेली ताई, ती आता माझ्याकडे आलीय. गुरुवारी ये. काही बोलू नकोस, नुसती शेजारी बस.