न जाळलेलं शेत

१४ एप्रिल
पोहोचले! या वयात होंडुरासच्या डोंगरात नेमणूक मिळेल असं वाटलं नव्हतं. कृषी विस्तार कार्यक्रमाने एकाच कामासाठी पाठवलं आहे: पेरणीआधी शेत जाळू नका, पाचोळा जमिनीवरच राहू द्या, हे गावाला पटवायचं. कासिल्दा नावाच्या विधवाबाईंकडे उतरले आहे. त्यांनी गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, आणि घेवडा वाढला. खोलीला आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहासारखा साबणाचा वास येतो. सिस्टर एदुविखेस रोज रोजनिशी लिहायला लावायच्या. तेव्हा किती कंटाळायचे मी!

१७ एप्रिल
सभा झाली. माती जिवंत असते, तिला भाजू नका, असं सांगितलं. बायका हसल्या; मी कॉन्व्हेंटात शिकल्याचं त्यांना कासिल्दांकडून कळलं होतं. "नन्सनी बाईंना नरकाच्या आगीची फारच भीती घातलेली दिसते!" गावातले म्हातारे अबुंदियो मात्र हसले नाहीत. आग तणासाठी नसते, खाली जे आहे त्याच्यासाठी असते, म्हणाले. मी त्यांना गांडुळांचं महत्त्व समजावलं. शेवटी एकट्या कासिल्दा तयार झाल्या, माझ्या शब्दाखातर.

२५ एप्रिल
सगळ्यांची शेतं काळी झाली. कासिल्दांचं तेवढं तपकिरी, मऊ. पाऊस नाही, तरी पाचोळ्याखाली माती ओली. हात घातला, तर कोमट. गांडूळ एकही नाही.

२९ एप्रिल
कासिल्दा दुपारभर शेतात अनवाणी उभ्या असतात. पायांना बरं वाटतं म्हणे. पाचोळा हळूच वर येतो, खाली जातो. वारा नाही.
अबुंदियो काड्यांची पेटी देऊन गेले. अजून वेळ आहे, म्हणाले. मी रागावले त्यांच्यावर.

२ मे
कासिल्दांच्या चपला बांधावर, नीट जोडून ठेवलेल्या. त्या शेताच्या मधोमध, गुडघ्यापर्यंत मातीत. मी आणि अबुंदियोंनी ओढ ओढ ओढलं. त्या हसत होत्या. "अहो बाई, सोडा, गुदगुल्या होतात!"

३ मे
कमरेपर्यंत. पाचोळा शेजारच्या शेतात सरकलाय. अबुंदियो म्हणतात, कासिल्दाची आशा सोडा, जाळा, नाहीतर सगळं गाव— पण त्या जिवंत आहेत! राखेच्या बुधवारी 'तू माती आहेस, मातीतच जाशील' म्हणत कपाळावर राख लावणारा सिस्टरांचा गार अंगठा सारखा आठवतो.

४ मे
चेहराही नाही आता. फक्त आवाज, भर दुपारी, मातीतून. माझेच शब्द— जाळू नका, माती जिवंत असते—

पाचोळा उंबऱ्याशी आला. पेटी हातात. देवा, कासिल्दा, मला माफ— काडी ओढतेय. ओली. दुसरीही ओली—
माझ्या चपला दारात, नीट जोडून. मी कधी काढ—