स्क्रीन हिरवी होती

१८ जुलै, शुक्रवार

माणूस शिडीवरून पडला.

डबा उघडला आणि साकेतनं केबिनमधून हाक मारली. "यतीन, आत ये. दार लाव." साकेत आमचा डायरेक्टर, एरवी दार कधी लावत नाही. म्हणाला, कोकणातल्या आपल्या बंदरावर अपघात झालाय. कॅप्टन सुधन्वा. जहाजावर चढताना दोराच्या शिडीवरून हात सुटला. खाली त्याला घेऊन आलेली छोटी लाँच, बाजूला जहाजाची भिंत, दोन्हींच्या मध्ये सापडला. जिवंत आहे. कमरेचं हाड मोडलंय, डाव्या पायाचं काही खरं नाही.

"दमलेला होता म्हणे," साकेत म्हणाला. "कंट्रोल रूमनं विश्रांती न देताच पाठवला असं दिसतंय. अपना कुछ नहीं है ना इसमें?"

माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? तो वाचेल ना — हे नाही. आपलं नाव येणार नाही ना — हे!

"बघतो," म्हटलं. पण बघायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

डबा तसाच परत आणला. नीलाला अपघाताचं सांगितलं. बाकीचं नाही.

१९ जुलै, शनिवार

सकाळी सासूबाईंचा पुण्याहून फोन. "पायलट पडला म्हणजे? विमान कोसळलं का रे देवा!" नीला हसत हसत समजावत होती — "अगं आई, जहाजाचा पायलट. परदेशी कप्तानाला आपल्या बंदरातला गाळ, खडक, भरती काय ठाऊक? म्हणून इथला जाणता कप्तान लाँचनं समुद्रात जातो, जहाजावर चढतो आणि ते आत आणतो, बाहेर नेऊन सोडतो. कुणी कधी कुठल्या जहाजावर जायचं ते आपल्या यतीनचं सॉफ्टवेअर ठरवतं." केवढ्या अभिमानानं सांगत होती! मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

मग लॅपटॉप उघडला. तेच होतं.

पायलट जहाज बाहेर सोडून शिडीनं लाँचमध्ये उतरला की आमचा प्रोग्राम त्याची विश्रांती मोजायला लागतो. पण तो उतरतो तो समुद्रात! लाँच धक्क्याला लागायची असते, मग घर. समुद्र खवळलेला असला की लाँच बाहेरच अडकून पडते. परवा तसंच झालं. सुधन्वा लाँचमध्ये भिजत, आदळत बसला होता, आणि आमच्या हिशेबानं तो झोपला होता. घरी जाऊन जेमतेम आडवा झाला असेल, तोच इकडे त्याच्या नावावर हिरवा रंग आला. हिरवा म्हणजे तयार. पाठवा.

हे मला वल्लरीनं मे महिन्यातच सांगितलं होतं. आमची टेस्टर. ऑफिसजवळ, सेक्टर बासष्टच्या चहाच्या टपरीवर, मातीचा कुल्हड हातात. "सर, लाँचमध्ये कोण झोपतं?" इतकं साधं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं. पुढच्या फेजमध्ये घेऊ." तेव्हा बदल करायचा म्हणजे उद्घाटनाची तारीख पुढे गेली असती. साकेतनं ती क्लायंटला देऊन टाकली होती. मला त्याच्याकडे जाऊन 'थांबूया' म्हणायचं नव्हतं. बस, एवढंच. कारण एवढंसंच आहे. मोठं असतं तर बरं वाटलं असतं.

२१ जुलै, सोमवार

बंदराच्या लोकांबरोबर व्हिडिओ कॉल. साकेतनं सगळ्यांसमोर विचारलं, "यतीन, सिस्टिम ठरल्याप्रमाणेच चालली ना?"

"हो. ठरल्याप्रमाणे."

खोटं नाही! ठरवलंच चुकीचं होतं, पण चालली ठरल्याप्रमाणेच. शब्द कसे नेमके सापडतात अशा वेळी.

वल्लरी टेबलाच्या त्या टोकाला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याची बाटली उघडली, बंद केली. पुन्हा उघडली.

२२ जुलै

सुधन्वाच्या पायाचं दुसरं ऑपरेशन. मी मेट्रोत तीन वेळा त्याचा फोटो बघितला. माझ्याच वयाचा.

२४ जुलै, गुरुवार

अलकनंदाताईंचा फोन. त्या बंदराच्या कंट्रोल रूमच्या ड्यूटी ऑफिसर. त्या दिवशी सुधन्वाला त्यांनीच पाठवलं. ट्रेनिंगला आठवडाभर माझ्यासमोर बसल्या होत्या. तडफदार बाई, मला उलट प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. पूर्वी त्या प्रत्येक पायलटला स्वतः फोन करायच्या. "झोप झाली का हो कॅप्टन?" आवाजावरून कळतं म्हणायच्या. मीच म्हणालो होतो, "ताई, आता ती फोनाफोनी बंद. स्क्रीनवर विश्वास ठेवा." वर्गात सगळे हसले होते. त्याही हसल्या होत्या.

आज आवाज ओळखू येईना.

"यतीन सर, एकच विचारते. स्क्रीन हिरवी होती ना हो? मला पक्कं आठवतंय. पण सगळे म्हणतात, बाई, तुझी काहीतरी बघण्यात चूक झाली. सिस्टिम बरोबर आहे असं तुमच्या कंपनीनं कळवलंय. आता मलाच कळेना. दुसऱ्या कुणाचं नाव हिरवं असेल आणि मी ह्यांचं वाचलं असेल का?"

हिरवी होती, ताई. एवढंच बोलायचं होतं. तीन शब्द.

मी म्हणालो, "तपासून सांगतो."

"बघा हं, सर. तुमच्यावर भरवसा आहे."

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात पाहायचं टाळलं. एका शहाण्या बाईला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली मी.

२७ जुलै, रविवार

रसिकाला आजीनं पाठवलेलं गोष्टीचं पुस्तक वाचायला घेतलं. दिल्लीत वाढलेली पोर, दर ओळीला अडते. "बाबा, 'ओशाळणं' मतलब? लाजणंच ना?"

"तसंच. पण वेगळं."

"कसं वेगळं? एक्झाम्पल द्या ना."

नीलाला हाक मारली. म्हटलं, तू सांग.

३० जुलै, बुधवार

दुरुस्ती केली. आता लाँच धक्क्याला लागल्याशिवाय विश्रांती मोजली जात नाही. एका दुपारचं काम निघालं. एका दुपारचं!

साकेत म्हणाला, नव्या आवृत्तीबरोबर शांतपणे जाऊ दे, वेगळं काही लिहू नको. मी लिहिलं, 'किरकोळ सुधारणा.'

वल्लरीनं तपासून पास केली. मग माझ्या टेबलाशी आली. "सर, ही किरकोळ?"

"वल्लरी, प्लीज."

"मुनिरकाला आमच्या खोलीत आम्ही चौघी राहतो," ती म्हणाली. "रोज विचारतात, तेरे वाले केस का क्या हुआ. मी काय सांगू ते तरी सांगा."

मी म्हणालो, ऑफिसच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात. हे मी म्हणालो. मी!

४ ऑगस्ट, सोमवार

अलकनंदाताई निलंबित. चौकशी चौदा तारखेला, दिल्लीत. बंदर कोकणात असलं तरी ते चालवणाऱ्या कंपनीचं मुख्य ऑफिस इथे बाराखंबा रोडला. आमच्या कंपनीतर्फे मी जायचं आहे. साकेत पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझं मराठी चांगलं आहे, त्या बाईशी गोड बोल. बाकी बिल्कुल सिंपल ठेव."

१२ ऑगस्ट, मंगळवार

अलकनंदाताई दिल्लीत आल्यात. लक्ष्मीबाई नगरला मामेभावाकडे उतरल्यात. भाऊसाहेब, केंद्र सरकारच्या नोकरीत, अगत्यशील माणूस. "आपला मराठी माणूस आहे, या ना जेवायला" म्हणून त्यांनीच फोन केला. नाही म्हणता आलं नाही. खरं तर नाही म्हणायला हवं होतं. नाहीतर जाऊन बोलायला हवं होतं. मी गेलो आणि जेवलो.

ताई बारीक झाल्यात. आंबोळ्या त्यांनीच केल्या होत्या, नारळही तिकडून आणलेला. "इथले नारळ तुमच्या सिस्टिमसारखे, वरून छान," असं काहीतरी म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. "सॉरी हं सर. तुमचा काय दोष."

मग सांगायला लागल्या. सुधन्वाला बघायला हॉस्पिटलमध्ये गेल्या होत्या. त्याची बायको देवयानी दारातच उभी राहिली. बाजूला झालीच नाही. "पंधरा वर्षांची ओळख, सर. तिच्या डोहाळजेवणाला मी ओटी भरली होती. मी आणलेली फळं बाकड्यावर ठेवून निघून आले."

भाऊसाहेब म्हणाले, "आता तिनं ठरवलंय, चूक मान्य करून मोकळं व्हायचं. घाईत नीट बघितलं नाही म्हणून सांगायचं. नोकरी जाईल, पण निदान प्रकरण मिटेल."

"तुम्हाला तसं वाटतं का, ताई?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"वाटायचं काय त्यात? मशीन खोटं बोलत नाही असं तुम्हीच शिकवलंत ना. मग खोटी मीच असणार."

त्यांनी माझ्या ताटात अजून एक आंबोळी वाढली. मी खाल्ली.

१३ ऑगस्ट, बुधवार

नीलाला सगळं सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले. ओरडेल वाटलं होतं.

"आणि काल तू तिथे जेवलास?"

एवढंच. मग भाजी निवडायला लागली.

संध्याकाळी म्हणाली, "नोकरी गेली तर बघू आपण. पण तू उद्या गप्प बसलास तर त्याचं काय करायचं, ते मला माहीत नाही."



१४ ऑगस्ट, गुरुवार

बोललो!

लिहून ठेवतो. चौकशीची खोली लहान, एसी फार थंड. समितीत तिघे. मधले अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे निवृत्त नौदल अधिकारी. ताई कोपऱ्यात खुर्चीच्या कडेवर बसलेल्या, मांडीवर पर्स. साकेत माझ्या शेजारी. अध्यक्ष आधी ताईंकडे वळले. "मॅडम, आपको कुछ कहना है?" ताई उठल्या. "सर, गलती मेरी..."

मी उभा राहिलो. "सर, पहले मुझे बोलने दीजिए."

सगळं सांगितलं. लाँच, विश्रांती, हिरवा रंग. मे महिन्यात मला सांगितलं गेलं होतं आणि मी पुढे ढकललं. अपघातानंतर गुपचूप दुरुस्ती केली. मॅडमना मीच म्हणालो होतो, फोन करू नका. "स्क्रीन हरी थी, सर. इन्होंने जो देखा, सही देखा." साकेतनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला, मग काढून घेतला.

अध्यक्ष अजिबात दचकले नाहीत. मुरलेला माणूस. "ठीक है. बैठिए," एवढंच म्हणाले.

ताई मात्र बसल्याच नाहीत. उभ्याच होत्या, पर्स खाली पडलेली. मग तोंडावर पदर घेतला. बाहेर लिफ्टपाशी त्यांनी मला हात जोडले. "मला वेड लागलं नाही, एवढं तुम्ही सांगितलंत. उपकार झाले, यतीन सर." मला ते बघवेना. म्हटलं, असं करू नका, ताई. त्यांनी हात खाली घेतलेच नाहीत.

साकेत वेगळ्या गाडीनं गेला. जाऊ दे.

नीलानं दारातच विचारलं. सांगितलं तर मला धरून रडली. रसिका घाबरून बघत होती. नीला तिला म्हणाली, "काही नाही गं. बाबा खूप हिमतीनं वागला आज."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सोसायटीत झेंडावंदन, लाडू. भाऊसाहेबांचा फोन. ताई सकाळच्या गाडीनं गेल्या, निलंबन मागे घेतील असं कळलंय. देवयानीनंही त्यांना फोन केला म्हणे. दोघी रडल्या. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय हो," भाऊसाहेब म्हणाले. नीलानं स्पीकरवर ऐकलं. माझ्या ताटात दोन लाडू.

साकेतचा मेल आलाय. सोमवारी एचआरला भेटायचं. नीला म्हणाली, ताठ मानेनं जा.

१८ ऑगस्ट, सोमवार

नोकरी गेली नाही. टीम काढून घेतली. वल्लरीनं काल मेलनंच राजीनामा दिलाय, आज सामान न्यायला आली होती. लिफ्टपाशी भेटली. नुसती मान हलवली.

चौदा तारखेचं जे लिहिलंय त्यात एक गोष्ट लिहिली नाही. इथेसुद्धा लिहिता आली नाही. त्या सकाळी मेट्रोत वल्लरीचा मेसेज आला होता — "सर, काल मी समितीच्या अध्यक्षांना भेटून सगळं सांगितलं. तुम्हाला अंधारात ठेवायचं नव्हतं म्हणून कळवतेय."

तो मी वाचला. दोनदा वाचला. आणि मग जाऊन बोललो.

मेसेज आला नसता तर? नीला झोपलीय. तिला काय सांगू?