जावेची लेक चालायला लागली

प्रिय आई,

इथं झोंबा शहरात आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या जावेची, ताडालाची, सव्वा वर्षाची लेक अंगणभर धावते. तेवढाच माझा यांको अजून रांगतोय. बघून जीव जळतो गं. परवा मी चिडून म्हणाले, "लशींनीच याचे पाय अडलेत. आता गोवराची दुसरी टोचायचीच नाही."

जाऊ म्हणाली, "वेडे, माझ्या पोरीलाही त्याच लशी दिल्यात ना?"

गेले तिच्यासोबत दवाखान्यात. यांको बाकाला धरून उभा राहिला, तशा नर्सबाई म्हणाल्या, "चालेल हो. दीड वर्षापर्यंत नाहीच चालला, तर दाखवायला आणा." लस दिली.

येताना रडून दमलेल्या यांकोला जावेनं पाठीशी बांधलं. तिथं तो लगेच झोपला. मला तेही बघवेना.

तुझीच,
फात्सानी